रात्रीचा बल्ब हवाच कशाला?

प्राणी विकणाऱ्या दुकानात सरडे-सापांच्या सामानाचं कपाट पाहिलं, तर बरीचशी जागा बल्बांनीच अडवलेली असते. दिवसाचा पांढरा, दिवसाचा निळसर, रात्रीचा लाल, रात्रीचा जांभळा, ‘चांदण्या’चा निळा, काळ्या काचेचा, आणि एका कोपऱ्यात उजेड अजिबात न देणारा चिनीमातीचा. लाल बल्बच्या खोक्यावर बहुधा असा मजकूर असतो, की हा उजेड प्राण्याला दिसत नाही, झोपमोड न करता रात्रभर ऊब मिळते. नवं गिऱ्हाईक एक दिवसाचा आणि एक रात्रीचा असे दोन बल्ब घेऊन घरी जातं. अमेरिका-युरोपात हे कित्येक वर्षं चालत आलं, आणि आता मुंबई, पुणे, बंगळुरूत बॉल पायथन साप, लेपर्ड गेको पाली, बीअर्डेड ड्रॅगन सरडे पाळणाऱ्यांच्या घरीही तेच चाललंय.

या खरेदीत दोन वेगळे प्रश्न एकाच होल्डरमध्ये अडकले आहेत. रात्री ऊब हवी का, हा एक. रात्री उजेड हवा का, हा दुसरा. ते एकत्र आले ते प्राण्यामुळे नाही, टंगस्टनच्या तारेमुळे. जुना पिवळा बल्ब खाल्लेल्या विजेतल्या दहा टक्क्यांहूनही कमी विजेचा उजेड करतो, बाकीची उष्णताच. म्हणून तो स्वस्तातला हीटर म्हणून सोयीचा पडला, आणि उजेड त्याच्यासोबत फुकट आला. रात्री तोच चालू ठेवायचा तर उजेड लपवणं भाग होतं, म्हणून काच रंगवली. रंगीत काच ही प्राण्याची गरज नव्हे, बल्बची अडचण आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: पाळलेल्या सरपटणाऱ्या प्राण्याला रात्री कुठल्याच रंगाचा उजेड नको, आणि ऊब लागते ती दुकानदार सांगतो त्यापेक्षा कितीतरी कमी घरांत. मात्र या मताला काही अडचणीचे पुरावेही आहेत, तेही ओघात येतील.

आधी उष्णतेचं पाहू. रेमंड कोल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघांनी अमेरिकेतल्या वाळवंटी सरड्या-सापांवर केलेलं काम १९४४ साली प्रसिद्ध झालं. तोवर समज असा, की या प्राण्यांचं शरीर म्हणजे भोवतालच्या हवेइतकं तापणारं आणि निवणारं. या दोघांनी दाखवलं, की सरडा उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात येरझारा घालून आपलं तापमान बऱ्यापैकी नेमक्या पट्ट्यात राखतो. सरडे पाळणाऱ्यांनी यातून अर्धाच धडा घेतला, तो म्हणजे ऊब द्या. उरलेला अर्धा १९६७ साली फिलिप रीगल यांनी ‘सायन्स’मध्ये मांडला होता. गरम आणि थंड अशा दोन्ही जागा चोवीस तास मोकळ्या ठेवल्या, तरी सरडे दिवसभराचा उद्योग आटपल्यावर आपणहून थंड जागेत जाऊन पडतात. ऊब हाताशी असताना ते तिच्याकडे पाठ फिरवतात. माझ्या लेखी या सगळ्या वादातला हा सर्वात वजनदार पुरावा आहे, आणि बल्बच्या खोक्यावर तो कधीच छापला जाणार नाही.

निसर्गातली रात्र तशीच असते. बीअर्डेड ड्रॅगनचं घर म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियाचा रखरखीत मुलूख. तिथल्या ॲलिस स्प्रिंग्जला जानेवारीत दिवसा ३६ अंश सामान्य, आणि जुलैच्या रात्री सरासरी चार-पाच अंशांपर्यंत उतरणाऱ्या. लेपर्ड गेको अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या खडकाळ टेकड्यांतला. तिथला हिवाळा तो बिळात, काहीही न खाता काढतो. उलट बॉल पायथन घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकी पट्ट्यातला, उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहणारा. त्याच्या मुलखात रात्रीही उकडतच असतं. हे तिघे दुकानात शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि तिघांनाही एकच लाल बल्ब विकला जातो. गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

रात्रीचा गारवा नुसता चालतो असं नाही, तो कामाचा असतो. शरीर थंडावलं की पचन मंदावतं, साठवलेली चरबी जपली जाते. चोवीस तास तिशीच्या वर ठेवलेला प्राणी खातो भरपूर, वाढतो झपाट्याने, आणि अनेकांना तेच आरोग्याचं लक्षण वाटतं. माझ्या मते ते तसं नाही.

आता झोप. २०१६ साली फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लँक मेंदू संशोधन संस्थेतल्या जिल लोराँ यांच्या गटाने झोपलेल्या बीअर्डेड ड्रॅगनच्या मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवल्या. आपल्यासारख्याच झोपेच्या दोन अवस्था त्यांना दिसल्या. एक संथ लहरींची, दुसरी बंद पापण्यांमागे डोळे हलवणारी, म्हणजे माणसात जिच्यात स्वप्नं पडतात तशी. माणसाचं असं एक आवर्तन सुमारे दीड तासाचं असतं. या सरड्याचं साधारण ८० सेकंदांचं, आणि एका रात्रीत अशी ३५०पर्यंत आवर्तनं. तेव्हा ‘सरडा काय, पडून राहतो नुसता’ असं म्हणायची आता सोय राहिलेली नाही. हाच सरडा रात्री अंगाने फिकट पडतो आणि दिवसा गडद होतो. ते शरीरातल्या घड्याळावर चालतं, आणि त्या घड्याळाला रोज किल्ली देतो तो उजेड-अंधाराचा फरक.

लाल बल्बचा दावा याच ठिकाणी तपासायचा, आणि तो तपासताना डोळ्यांत जरा खोल शिरावं लागतं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. दिवसा फिरणाऱ्या बहुतेक सरड्यांत चार प्रकारच्या, म्हणजे आपल्याला दिसतं ते सगळं आणि वर अतिनील. त्यांपैकी एक प्रकार लांब तरंगलांबीच्या, म्हणजे नारिंगी-लाल बाजूच्या उजेडाला चांगला प्रतिसाद देणारा. बीअर्डेड ड्रॅगनला किंवा इग्वानाला लाल दिसत नाही, असं म्हणायला कसलाच आधार नाही. त्याच्या दृष्टीने लाल बल्ब म्हणजे रात्रभर पेटवून ठेवलेली खोली.

पालींच्या, म्हणजे गेकोंच्या, कुळाची गोष्ट वेगळी आणि जास्त रंजक. आपल्या डोळ्यात अंधारासाठी दंडपेशी असतात. त्यांना उजेड कळतो, रंग कळत नाही. म्हणून चांदण्यात आपल्याला सगळं करडं दिसतं. पालींच्या पूर्वजांनी दिवसा वावरण्याच्या काळात या दंडपेशी गमावल्या. पुढे वंशज पुन्हा रात्रीकडे वळले, पण हरवलेलं परत मिळालं नाही, तेव्हा शंकुपेशीच मोठ्या आणि कमालीच्या संवेदनशील झाल्या. डोळे काळानुसार असे बदलत गेले, हा तर्क अमेरिकेच्या गॉर्डन वॉल्स यांनी १९४२ सालीच केला होता. २००४ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात लिना रोथ आणि आल्मुट केल्बर यांनी हेल्मेट गेको नावाच्या पालीला रंगांच्या नक्ष्यांतला फरक ओळखायला शिकवलं. माणसाला जिथे रंग अजिबात कळत नाही इतक्या अंधूक, चंद्रप्रकाशाएवढ्या उजेडात तिने निळा आणि करडा वेगळा ओळखला. पुढच्या मोजणीत तिचा डोळा माणसाच्या रंगदृष्टीच्या उंबरठ्यापेक्षा सुमारे ३५० पट संवेदनशील निघाला.

लाल बल्बवाल्यांच्या बाजूचंही एक सांगायला हवं. पालींच्या या पेशी हिरव्याला सर्वाधिक जागतात, गडद लालला कमी. म्हणजे लेपर्ड गेकोला लाल उजेड निळ्या किंवा पांढऱ्यापेक्षा मंद दिसत असणार, यात तथ्य आहे. पण मंद म्हणजे नाहीसा नव्हे. आणि रंगवलेली काच काही प्रयोगशाळेतली चाळणी नसते. तिच्यातून नारिंगी आणि थोडा पिवळाही झिरपतो. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड जमिनीवर जेमतेम पाव लक्सच्या आसपास असतो, नुसत्या चांदण्यांचा त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. हातभर अंतरावरचा पन्नास वॅटचा लाल बल्ब त्यापुढे भगभगीतच म्हणायचा. लाल उजेडाचा खरा उपयोग एकच: रात्री पेटीत डोकवायचं असेल, तर मंद लाल टॉर्च मिनिटभर मारावा आणि विझवावा.

निळ्या ‘चांदण्या’च्या बल्बला तर इतकीही सवलत देता येत नाही. चंद्रप्रकाश निळा नसतोच. तो परावर्तित सूर्यप्रकाश आहे, उलट किंचित तांबूस. अंधूक उजेडात आपले डोळे त्याला निळसर रंग चढवतात, सिनेमावाले तोच रंग वापरतात, आणि बल्ब बनवणाऱ्यांनी तो तिथून उचललेला दिसतो. शरीराच्या घड्याळाला सगळ्यात जास्त ढवळणारा उजेड निळाच.

एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. बॉल पायथनला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, तो कात टाकताना कातीबरोबर निघून येतो. काढलेली कात उजेडासमोर धरली की डोळ्यांच्या जागी दोन बारीक भिंगं दिसतात. या प्राण्याला डोळे मिटून घेण्याची सोयच नाही. क्रेस्टेड गेकोचंही तसंच. इग्वाना आणि बीअर्डेड ड्रॅगन पापण्या मिटतात खरे, पण त्यांच्या टाळूवर मधोमध एक फिकट ठिपका असतो, खवल्यासारखाच पण जरा चकचकीत. तो तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड आहे की नाही हे कळतं, आणि त्याला पापणी नाही.

बॉल पायथनच्या ओठांवर खळग्यांची रांगही असते. २०१० साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिलं, की अशा खळग्यांतल्या चेतातंतूंवरचं एक विशिष्ट प्रथिन उष्णतेचे किरण टिपतं. (ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं ते स्पर्श-तापमानाच्या संवेदनांवरच्या कामासाठी.) म्हणजे उजेड न देणारा चिनीमातीचा हीटरही या सापाला एका अर्थी ‘दिसतो’. यावरून घाबरून जायचं कारण नाही. दिवसभर तापलेला खडकही त्याला तसाच जाणवत असेल. पण गरज नसताना हीटर लावू नये, याला हे आणखी एक कारण झालं.

आता अडचणीचे पुरावे. पहिला आपल्या घरच्या भिंतीवरच आहे. ट्यूबलाइटखाली पाल दबा धरून बसते, आणि उजेडाचा तिला काही त्रास होताना दिसत नाही. दुसरा पुरावा पद्धतशीर प्रयोगातला आहे: तपकिरी अनोल सरड्यांना रात्री कृत्रिम उजेडात ठेवलं, तर ते अधिक वाढले आणि माद्यांनी अंडीही अधिक घातली, असं ख्रिस्तोफर थॉली आणि जेसन कोल्बी यांनी २०२० साली प्रसिद्ध केलं. तेव्हा ‘रात्रीच्या उजेडाने सरडा मरतो’ अशी भीती घालणारे जे आहेत, तेही अतिशयोक्तीच करतात. पण पालीला उजेड नको असतो, किडे हवे असतात. पोट भरलं की ती फोटोच्या फ्रेममागे किंवा कपाटाच्या फटीत शिरते. काचेच्या पेटीतल्या प्राण्याला ती फट आपण दिली तरच मिळते. आणि जास्त वाढणं, जास्त अंडी घालणं हे पाळीव प्राण्याच्या बाबतीत भलं समजायचं का? अंडी घालून घालून खंगलेल्या माद्या हा सरड्यांच्या डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव आहे. या प्रयोगावरून मी रात्रीच्या उजेडाला परवानगी काढणार नाही.

मग रात्री ऊब द्यायची कधी? उत्तर प्राण्यावर कमी आणि खोलीवर जास्त अवलंबून आहे. निरोगी, वाढ झालेला बीअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको किंवा कॉर्न स्नेक असेल, तर रात्री १८ अंशांपर्यंत उतरलेली खोली त्याला मजेत सोसते. क्रेस्टेड गेको न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. त्याला २०-२२ अंश आवडतात, आणि २८च्या वर तोच हैराण होतो. याच्यासाठी आपल्याकडे हीटरची नाही, पंख्याची चिंता करावी. बॉल पायथनला मात्र २४च्या खाली जाऊ देऊ नये, हिरव्या इग्वानाला २२-२३च्या. पिल्लं, नुकताच आणलेला अशक्त प्राणी आणि आजारी प्राणी यांचा हिशेब वेगळा. १९७०च्या दशकात मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जंतुसंसर्ग झालेला वाळवंटी इग्वाना मुद्दाम जास्त गरम जागा शोधतो, म्हणजे स्वतःला ताप आणतो, आणि त्याने त्याचा जगण्याचा संभव वाढतो. सर्दी-फुप्फुसाच्या आजारात डॉक्टर रात्रीची ऊब वाढवायला सांगतात, ते याच कारणाने. तिथे डॉक्टरांचं ऐकावं, लेखाचं नव्हे.

हे आकडे आपल्या घराशी ताडून पाहा. मुंबईत जानेवारीत बाहेरचं किमान तापमान सरासरी १७च्या आसपास असतं. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या फ्लॅटमध्ये, खिडक्या लावून, २२च्या खाली क्वचितच जातं. तिथे बॉल पायथन आणि फार तर इग्वाना सोडून कुणाला काही लागत नाही. गंमत म्हणजे मुंबईतल्या पेटीला सगळ्यात गार रात्र जानेवारीत नव्हे, मे महिन्यात सोसावी लागते, कारण त्याच खोलीत एसी २१वर लावून घरची मंडळी झोपलेली असतात आणि झोत नेमका पेटीवर असतो. पुण्या-नाशिकला जानेवारीची किमान सरासरी दहा-बारा अंशांवर येते, थंडीच्या लाटेत त्याहून खाली. दगडी वाड्यात किंवा पत्र्याच्या छपराखाली पेटी असेल तर ऊब लागेल. शिकागो, न्यू जर्सी, मिनेसोटात राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरी बाहेर बर्फ असला तरी आत हीटिंग असतं. पण बिल वाचवायला ते रात्री सतरा-अठरावर आणायची पद्धत आहे, आणि मुलाच्या हट्टापायी घेतलेला लेपर्ड गेको बेसमेंटमध्ये ठेवलेला असेल, तर तिथे आणखी दोन-तीन अंश वजा करावे लागतात.

ऊब लागणारच असेल, तर साधनं चार-पाच. चिनीमातीचा, म्हणजे सिरॅमिक हीट एमिटर हे सगळ्यात जुनं आणि अजूनही भरवशाचं. त्याच्यातून लांब पल्ल्याचे अवरक्त किरण निघतात. ते कातडीच्या वरच्याच थरात जिरतात आणि आसपासची हवा तापवतात. रात्रीला हवं ते नेमकं हेच. तोटा असा, की हवा कोरडी पडते. बॉल पायथनची कात तुकड्यातुकड्यांनी निघायला लागली तर आधी इकडे बघावं. अलीकडचा डीप हीट प्रोजेक्टर मधल्या पल्ल्याचे आणि थोडे जवळचे अवरक्त किरणही देतो, ते अंगात जरा खोल जातात. तोही उजेडाविना. तो अधिक चांगला म्हणून खपतो, पण नुसत्या रात्रीसाठी त्याच्यावर जादा पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याचा फायदा दिवसा. पेटीखाली चिकटवायची गादी, म्हणजे हीट मॅट, पोटाला ऊब घेणाऱ्या लेपर्ड गेकोला चालते, पण ती हवा तापवत नाही आणि वर जाड माती टाकली तर उष्णता खाली कोंडते. वायर असलेला कृत्रिम ‘गरम दगड’ मात्र घेऊच नये. पोटाखालची आग या प्राण्यांना वेळेवर कळत नाही, ते भाजेपर्यंत बसून राहतात. पेट्या चार-पाच असतील तर खोलीच तापवणं सगळ्यात शहाणपणाचं.

या प्रत्येकाला थर्मोस्टॅट हवाच. सिरॅमिक एमिटरचा पृष्ठभाग काहीशे अंशांपर्यंत तापतो. तो आपल्याकडच्या साध्या बेकेलाइट-प्लॅस्टिकच्या होल्डरला लावला, तर होल्डर आधी पिवळा पडतो, मग तडकतो, मग जळका वास येतो. चिनीमातीचाच होल्डर, उष्णता सोसणारी वायर आणि भोवती जाळीचा पिंजरा. पिंजरा नसेल तर साप त्याला विळखा घालतोच. एमिटर आणि प्रोजेक्टरला पल्स थर्मोस्टॅट, दिवसाच्या हॅलोजन बल्बला मंद करत नेणारा डिमिंग, मॅटला साधा चालू-बंद पुरतो. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार हवेत लोंबकळत नको, प्राणी जिथे बसतो तिथे हवी, आणि पक्की बांधलेली. ती पाण्याच्या भांड्यात पडली की थर्मोस्टॅटला पेटी गारठली असं वाटतं आणि तो रात्रभर हीटर सोडत नाही.

आपल्याकडच्या जुगाडांची दखल घ्यायला हवी. झिरोचा बल्ब लावणारे पुष्कळ. नाव झिरो असलं तरी तो दहा-पंधरा वॅट खातो, ऊब नावापुरती आणि उजेड मात्र रात्रभर, म्हणजे दोन्हीकडून तोटा. कंबरेला शेक द्यायचा दीडशे वॅटचा लाल दिवाही काही जण पेटीवर टेकवतात. तो माणसाला हातभर अंतरावरून पंधरा-वीस मिनिटं घ्यायचा. छोट्या पेटीवर रात्रभर म्हणजे प्राण्याला भाजायचीच व्यवस्था. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांना बल्ब आणायला सांगणारे एक विसरतात: तिथला बल्ब १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टला तो लावला, की जवळजवळ पावणेचार पट वीज ओढतो आणि त्याच क्षणी उडतो, कधी काचेसकट. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील, तर फुटू नये म्हणून टेफ्लॉनचा थर दिलेले हीट बल्ब टाळा. तापलेल्या टेफ्लॉनची वाफ पक्ष्यांचा तासाभरात जीव घेऊ शकते.

रात्र अंधारी ठेवायची तर दिवस खराखुरा उजेडाचा हवा; याबद्दल थोडंच सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दिवसाच्या उबेला साधा हॅलोजन उत्तम. सूर्यासारखे जवळचे अवरक्त किरण स्वस्तात देणारं त्याच्याइतकं दुसरं काही नाही. युरोपने २०१८पासून घरगुती हॅलोजन बाजारातून काढायला घेतले आणि अमेरिकेत २०२३पासून साध्या बल्बांवर बंधनं आली, तेव्हा विजेची बचत झाली, पण सरडेवाल्यांची पंचाईत झाली. आपल्याकडे ते अजून मिळतात.

अतिनील-बी किरण देणाऱ्या दिव्यांवरचा पुरावा मात्र सगळ्या प्राण्यांत सारखा नाही. वाढत्या बीअर्डेड ड्रॅगनना नुसतं ड जीवनसत्त्व खायला घालून भागत नाही, दिव्याखाली त्यांच्या रक्तातली पातळी कितीतरी पट जास्त राहते, असं २०१०च्या डच अभ्यासात दिसलं. कॉर्न स्नेकमध्येही दिव्याने पातळी वाढली, २००८ साली. बॉल पायथनमध्ये २०१३च्या ब्रिटिश अभ्यासाला तसा परिणाम सापडला नाही. लेपर्ड गेकोत थोड्या वेळाच्या उजेडानेही फरक पडला. गॅरी फर्ग्युसन यांनी २०१० साली जंगलातल्या प्राण्यांना किती अतिनील मिळतं ते मोजून चार पट्टे पाडले, सावलीतल्यांपासून भर उन्हातल्यांपर्यंत. फ्रान्सिस बेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली त्यात अनेक प्रजाती बसवून दिल्या. दिवा निवडताना तोच आधार घ्यावा. दिवा काचेच्या झाकणावर ठेवला तर अतिनील-बी आत येतच नाही, जाळीवरून ठेवला तर तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त अडतो. आणि नळी उजेड देत राहिली तरी तिचं अतिनील हळूहळू ओसरतं. दिवसाचे दिवे बारा तासांच्या टायमरवर टाका. संध्याकाळी सगळे एकदम विझतील, ते चालतं.

कायद्याचं एक वाक्य सांगायलाच हवं, कारण बल्ब विकत घेणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. तारा कासव, घोरपड, अजगर असे आपले रानातले प्राणी घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पेटी कितीही चांगली असो. बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना हे परदेशी असले तरी आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या यादीत येतात. २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते.

तेव्हा रात्रीचा बल्ब घ्यायला निघाला असाल, तर आधी तीन-चारशे रुपयांचा, रात्रीचं किमान तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर आणा. तो पेटीच्या थंड टोकाला, प्राण्याच्या उंचीवर ठेवा आणि आठवडाभर रोज सकाळी आकडा लिहून ठेवा; थंडीत एकदा आणि एसीच्या दिवसांत एकदा. आकडा तुमच्या प्राण्याच्या मर्यादेच्या वर राहिला, तर काहीही घेऊ नका. खाली गेला, तर पहिले पैसे थर्मोस्टॅटवर, दुसरे चिनीमातीच्या होल्डरवर आणि तिसरे एमिटरवर घाला. लाल आणि निळा बल्ब दुकानातच राहू द्या.